परवानगी मामाच्या नावावर

वर्तकनगर, ठाणे
११ नोव्हेंबर २०२५

चि. सुशांत,

आशीर्वाद आहेतच, पण आधी शिव्या घे. फोन तू उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून न सांगता निघून गेलास, म्हणून हे पत्र कुरियरने तुझ्या बंगळूरच्या ऑफिसात धाडतोय. तिथे सही करून घ्यावंच लागेल. मामा म्हातारा झाला असेल, बावळट झालेला नाही.

परवा रविवारी ठाकुर्लीच्या मंडळाच्या हॉलमध्ये प्राप्तीच्या मोबाइल गेमच्या स्पर्धेची पहिली सेमीफायनल होती. तीच स्पर्धा, जी तुम्ही बहीणभावांनी मिळून सुरू केलीत, आणि ह्या गेमच्या कंपनीत तुला नोकरी लागल्यावर तू तिला 'आता बंद कर' म्हणून मोकळा झालास. तिने बंद केली नाही. तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी बोलत नाही. दोन वर्षं होत आली. तुझी आई दोघांच्या मध्ये निरोप्या होऊन थकली.

तर सेमीफायनल. एकीकडे कल्याणच्या मुलींची टीम, दुसरीकडे डोंबिवलीची पोरं. सगळ्यांच्या हातात मोबाइल, आणि मागे मोठ्या पडद्यावर तुमच्या त्या कोबाल्ट रशचं लाइव्ह. त्यात कोण कुणाला का मारतो हे मला अजून कळलेलं नाही, पण हॉल गच्च भरला होता, कॉमेंट्री मराठीत चालली होती, बायका पोरांना कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. कल्याणची कॅप्टन संचिता आता जिंकतेच म्हणून लोक खुर्चीवरून उठले आणि पडदा काळा. लाइव्ह बंद. पाठोपाठ प्राप्तीला कंपनीचा ईमेल. परवानगी न घेता स्पर्धा भरवली, गेमचं नाव आणि चिन्ह वापरलं, कंपनीचा पाठिंबा असल्याचं भासवलं. ताबडतोब थांबा, नाहीतर कायदेशीर कारवाई.

हे 'भासवलं' कुठून आलं ते सांगतो. हसू नकोस. आपला बॅनरवाला साईनाथ तुला ठाऊक आहे. आपल्याकडची रीतही ठाऊक आहे, ज्याची वस्तू वापरली त्याचा फोटो बॅनरवर. मैदानवाल्याचा, मांडववाल्याचा, जनरेटरवाल्याचासुद्धा. मी वर्तकनगरात टेनिस बॉलच्या टूर्नामेंटा भरवायचो तेव्हा फोटो राहिला म्हणून एकाने पुढच्या वर्षी खुर्च्या दिल्या नव्हत्या. साईनाथने विचार केला, गेम ज्यांचा त्यांचा मान पहिला. नेटवरून तुमच्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाचा फोटो काढला. साहेब गोरापान, हात खिशात. आता शुभेच्छुक हात खिशात घालून कसा चालेल? मग त्याने जुन्या बॅनरवरच्या कुणा पुढाऱ्याचं हात जोडलेलं धड घेतलं, त्यावर साहेबाचं डोकं बसवलं, खांद्यावर उपरणं, नावाआधी 'मा. श्री.' आणि खाली 'शुभेच्छुक'. ठाकुर्ली स्टेशनाबाहेर वीस दिवस साहेब सगळ्यांना नमस्कार करत होते. मीही बघितलेला तो बॅनर. 'छान झालाय' म्हणालेलो. कप्पाळ माझं!

पण मला लिहायचंय ते प्राप्तीबद्दल. हॉलमध्ये नुसता कालवा. पोरं ओरडतायत, 'खेळू दे ना दीदी, कोण बघायला येतंय?' आणि खरंच कोण येणार होतं? ही प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली. माईकसुद्धा घेतला नाही. म्हणाली, "गेम त्यांचा आहे. त्यांनी थांब म्हटलं की आपण थांबायचं. मी परवानगी काढते. मग ह्याच हॉलमध्ये, हीच सेमीफायनल परत खेळू." झालं. पुलाव मागवलेलाच होता, तो सगळ्यांना बसवून वाढला. नंतर साईनाथच्या दुकानात गेली. मला वाटलं आता ह्याचं काही खरं नाही. तर म्हणते, "दादा, शिडी घ्या, बॅनर उतरवू या." एक शब्द वाकडा नाही. मी असतो तर साईनाथला त्याच बॅनरमध्ये गुंडाळला असता. अरे, एवढीशी पोरगी, कुठून आणते एवढा धीर? मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तो वाटला तेव्हा शेजारी तू नव्हतास ह्याचा रागही आला.

तुझे बाबा गेल्यानंतर तिने हसून केलेली अशी ही एकच गोष्ट आहे, सुशांत. ती जाता कामा नये. तू तिथे आहेस. योग्य माणसाच्या कानावर एक शब्द घाल. एवढंच मागतो.

तुझा,
गुणाजीमामा


वर्तकनगर, ठाणे
१९ नोव्हेंबर २०२५

सुशांत,

तुझं उत्तर मिळालं. 'मामा, प्लीज मला ह्यात ओढू नकोस.' बस्स? टाइप करताना बोट दुखलं का रे?

मी तुला लिहिलं हे तुझ्या आईला सांगितलं, आणि कलावतीच्या पोटात काही राहतं का? दुसऱ्या दिवशी प्राप्ती स्कूटरवरून दारात. हेल्मेट काढायच्या आधी बोलायला लागली. "मामा, त्याला का लिहिलंस? मला त्याची ओळख वापरायची नाहीये. परवानगी मिळाली तर माझ्या कामावर मिळू दे."

मी म्हटलं, परवानगी कसली डोंबल? मी इतकी वर्षं क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या, कधी बॅट बनवणाऱ्याला विचारायला गेलो होतो? तर शांतपणे चहा ओतत म्हणते, "बॅटवाल्याची फक्त बॅट असते मामा. इथे बॅट त्यांची, बॉल त्यांचा, मैदान त्यांचं, मैदानावरचं ऊनसुद्धा त्यांनीच बनवलंय. विचारायला नको?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण त्यांनीपण एक समजून घ्यायला हवं. मैदानात माणसं आम्ही आणतो." हे वाक्य मी शेजारच्या दामाजीला ऐकवलं, तो म्हणाला पोरीला वकील करा.

तिने तुमच्या कंपनीचे नियम काढले, इंग्रजीतले, बारीक टायपातले, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. छोट्या स्पर्धांसाठी वेगळा परवाना असतो म्हणे. प्रवेश फी घ्यायची नाही, गेमचं नाव स्पर्धेच्या नावात घालायचं नाही, तंबाखूवाला, दारूवाला प्रायोजक नको, आणि कंपनीचा आमच्याशी काही संबंध नाही असं ठळक लिहायचं. एकेक करत सगळं करत गेली. फी रद्द. स्पर्धेचं नाव साधं 'ठाकुर्ली चषक'. पान मसाल्याचा बोर्ड देणारे गृहस्थ फुगले, त्यांना घरी जाऊन समजावून आली. साईनाथकडून माफीचं पत्र लिहून घेतलं. त्याने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, 'आपला फोटो लहान झाला असल्यास क्षमस्व.' तिने न हसता ते बदलायला लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन हसून आलो.

आणि मग तिला तो नियम सापडला. कंपनीत काम करणाऱ्याचे आईबाप, नवराबायको, मुलं, सख्खी भावंडं, ह्यांना बक्षिसाची स्पर्धा भरवता येत नाही.

तिने ते मला वाचून दाखवलं. मग माझं डोकं फिरलं. तू 'बंद कर' म्हणालास ते ह्याच्यासाठी होतं? मग तोंडाने सांगायला काय झालं होतं, गाढवा? दोन वर्षं पोरगी समजत राहिली की भावाला आपल्या ह्या हॉलातल्या उद्योगाची लाज वाटते. आणि तू, नियम सांगायचा सोडून, हुकूम सोडून गेलास. अगदी तुझ्या बापावर गेलायस. तो पण 'नको' म्हणायचा आणि का ते विचारलं की पेपर उघडायचा.

तिच्या अर्जावर येत्या मंगळवारी कंपनीच्या बाईंबरोबर व्हिडिओ कॉल आहे. नातेवाइकांचं त्या नक्की विचारणार. साईनाथ म्हणतो सरळ नाही सांग, आडनावं काय, शंभर माणसांची सारखी असतात. तुझी आई, तुझी जन्मदाती, म्हणते, "नाही म्हणालीस तर खोटं कुठे होतंय? बोलता तरी कुठे तुम्ही?" आणि मी? मी पण म्हणालो, नाही म्हण. स्पर्धा वाचली पाहिजे. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मामा


वर्तकनगर, ठाणे
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुशांत,

आज शिव्या नाहीत. वाच.

कॉल तुमच्या ठाकुर्लीच्या घरी झाला. मोठ्या खोलीत टेबल ओढून लॅपटॉप ठेवला. मध्ये प्राप्ती, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साईनाथ, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. तुझी आई दाराआड. तिकडून ऐश्वर्या मॅडम. तरुण आहेत, पण एकदम नियमावर बोट. हिंदी-इंग्लिशमध्ये बोलत होत्या, मी तुला मराठीत सांगतो.

आधी बॅनर. साईनाथ उभा राहिला आणि जी रीत मी तुला लिहिली तीच त्याने त्यांना सांगितली, मोडक्या हिंदीत. "मॅडम, हमारे यहाँ जिसका खाया उसका फोटो लगाते हैं." बाई ओठ दाबून बसल्या होत्या. म्हणाल्या, साहेबांनी तो फोटो पाहिलाय, त्यांना हात कुणाचे आहेत ते जाणून घ्यायचंय. साईनाथ बिचारा पुढाऱ्याचं नाव सांगायला लागला, मी टेबलाखालून लाथ घातली.

मग स्पर्धेचे प्रश्न. प्राप्ती काय बोलली रे! पोरं कुठून येतात, मुलींच्या टीमला सुरुवातीला घरचे सोडायचे नाहीत म्हणून ही घरोघरी कशी गेली, सामना दुपारी का ठेवते, शिव्या दिल्या तर खेळाडू बाहेर का काढते, सगळं. स्वतःची फुशारकी एका शब्दाने नाही. चुकलं ते चुकलं म्हणाली. "परवानगी लागते हे मला माहीत असायला हवं होतं. तुमच्या गेममुळे ही पोरं एकत्र आली. तो चोरून खेळवायचा नाहीये मला." मी अर्धं आयुष्य स्पर्धा भरवण्यात घालवलं, पण असं बोलणं मला कधी सुचलं नाही. तुझ्या आईच्या बांगड्या दाराआड वाजत होत्या.

बाई खूश दिसल्या. कागद चाळल्यासारखं केलं आणि विचारलं, "तुमच्या जवळच्या नात्यातलं कुणी आमच्याकडे कामाला आहे का?"

साईनाथ खोकला. मी छताकडे बघितलं. अरे, एक 'नाही' म्हटलं असतं की काम झालं होतं. परवाना हातात होता तिच्या.

"हो," म्हणाली. "माझा सख्खा भाऊ. सुशांत. बंगळूरला तुमच्याच ऑफिसमध्ये आहे. आम्ही दोन वर्षं बोलत नाही, पण भाऊ आहे."

मी सगळं गेलं म्हणून डोळे मिटले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आम्हाला माहीत आहे. ते नोकरीवर रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी लिहून दिलं होतं. बहिणीचं नाव, ठाकुर्लीची स्पर्धा, आणि तिच्याबद्दलचा कुठलाही निर्णय माझ्यासमोर आणू नका, असं. मला फक्त बघायचं होतं, तुम्ही स्वतः काय सांगता ते."

सुशांत, तू पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतंस. आणि आम्हाला चकार शब्द नाही. मी तुला दोन पत्रांत काय काय बोललो. 'मला ह्यात ओढू नकोस' म्हणालास तेव्हा तू बाजूला राहत होतास ते तिच्यासाठी, हे मला कळायला तिऱ्हाइत बाईंनी सांगावं लागलं. बोललो ते परत घेत नाही, कारण तू तोंड उघडायला हवं होतंस. पण माझी मान तुझ्यासाठीही ताठ झाली, हे खरं.

निर्णय मात्र नियमाप्रमाणे. प्राप्तीला आयोजक होता येणार नाही. ड्रॉ काढायचा नाही, पंच नेमायचे नाहीत, बक्षीस वाटायचं नाही, कशालाच हात लावायचा नाही. नियमातल्या नात्यांच्या यादीत नसलेलं कुणी अर्ज करत असेल तर चालेल. मी विचारलं, "मामा?" बाईंनी यादी बघितली आणि म्हणाल्या मामा यादीत नाही. मला राग आला. मामा नात्यात नाही म्हणजे काय? बारशाला मांडीवर घ्यायला मामा, कान टोचायला मामा, आणि कंपनीच्या यादीत नाही! मी तसं बोललोसुद्धा. बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, "काका, रागवू नका, ह्यामुळेच तुम्हाला अर्ज करता येतोय."

प्राप्तीने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, नावाला नको. खरंच तूच भरव. मी एक शब्द बोलणार नाही." डोळे कोरडे होते. आतून काय झालं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. स्वतःच्या हाताने उभी केलेली स्पर्धा एका 'हो'वर सोडून दिली पोरीने. मी मनातल्या मनात हात जोडले तिला.

तुझा मामा


वर्तकनगर, ठाणे
१० डिसेंबर २०२५

प्रिय सुशांत,

परवाना आला. माझ्या नावावर! वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी मोबाइल गेमच्या स्पर्धेचा अधिकृत आयोजक झालो. दामाजीला दाखवला, त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला. दोन्ही सेमीफायनल आणि फायनल एकाच रविवारी, एकवीसला. तुझ्याशी ह्या परवान्याबद्दल बोलणं नियमात बसतं की नाही ते ऐश्वर्या मॅडमना विचारून घेतलं. म्हणाल्या, मामा भाच्याला काय लिहितो ह्यात कंपनी पडत नाही.

पण काम जड आहे बाबा. मला सामन्यांचं वेळापत्रक येतं, पंचांशी भांडण येतं, सर्व्हर काय असतो ते येत नाही. संचिता आणि डोंबिवलीच्या पोरांनी मला शिकवायला घेतलंय. त्यांचं एवढंच म्हणणं की काका, तुम्ही ओरडू नका, मग आम्ही सांगतो.

आणि प्राप्तीचं सांगू? शब्द पाळते. परवा मी तुमच्या घरी वेळापत्रक मांडून बसलो होतो. दोन्ही सेमीफायनल एकाच वेळेला लावल्या होत्या, पडदा एकच असताना. ती मागून गेली, तिने बघितलं, मला कळलं की तिने बघितलं. थांबली. मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासायला लागली. एवढ्या जोरात की तुझी आई म्हणाली, कल्हई जाईल. अर्ध्या तासाने चूक माझी मलाच सापडली. मी ओरडून सांगितलं, "सापडलं गं!" आत भांडी थांबली.

एवढा कडक स्वभाव मी दुसऱ्या एकाच माणसात बघितलाय, आणि तो बंगळूरला असतो.

मी तुला बोलावत नाही. ते माझं काम नाही. तिला तुझा पत्ता मात्र दिलाय. तिने मागितला म्हणून.

मामा


ठाकुर्ली
१४ डिसेंबर २०२५

दादा,

मेसेज केला तर तू बघून ठेवून देशील, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर आधीसारखंच घाण आहे, समजून घे.

तू बंद कर म्हणालास तेव्हा मला वाटलेलं तुला लाज वाटते. नियम सांगितला असतास तर मी तरीपण भांडले असते, पण ते वेगळं भांडण झालं असतं, रात्री जेवताना मिटलं असतं. मीपण काही कमी नाही. कोणी विचारलं भाऊ काय करतो, तर विषय बदलायचे.

त्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा नाही म्हणायचं मी जवळजवळ ठरवून बसलेले. खरंच. तोंड उघडलं आणि हो आलं. मग त्या म्हणाल्या तू माझं नाव आधीच दिलेलंस. कॉल संपेपर्यंत मी सरळ बसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रड रड रडले. मामाला सांगू नकोस, त्याला वाटतं मी फार खंबीर आहे.

राग गेलेला नाहीये. तू सांगितलं नाहीस त्याचा आहे. तो मला समोर बसून काढायचाय, पत्रात मजा नाही.

एकवीसला फायनल आहे. मला कशाला हात लावायची परवानगी नाही आणि तू तिथे कामाला आहेस म्हणून तुलापण नाही. बघायला आलो तर चालतं, मी मॅडमना दोघांचं विचारून घेतलंय. म्हणजे एवढ्या सगळ्या गर्दीत आपण दोघंच बिनकामाचे असणार, आपल्याच स्पर्धेत. मी शेवटच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवते. पुढे बसले तर मी उठून वायरी नीट करायला जाईन.

मामा दहा चुका करणार आहे. आपण बोलायचं नाही. तू ये, दोघं मिळून गप्प बसू. मला एकटीला जमत नाहीये.

प्राप्ती